तबला म्यूट केला तरी गाण्याच्या ट्रॅकमध्ये तबला वाजतोच, काय करावं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. विंडोज लॅपटॉप, छोटा यूएसबी मिक्सर, एक कंडेन्सर माइक आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. पहिल्या ट्रॅकवर ॲपमधला तबला-तानपुरा घेतलात, दुसऱ्यावर पेटी वाजवलीत, मग हेडफोन लावून तिसऱ्यावर अभंग गायलात. आता गायनाचा ट्रॅक सोलो केला, म्हणजे एकटाच वाजवला, की मागे तबला आणि पेटी ऐकू येते, मूळ ट्रॅक म्यूट केले तरी. नॉइज रिडक्शन मारून पाहिलं तर गळा पाण्याखालून आल्यासारखा झाला. कुणीतरी सांगितलंय की खोलीला फोम लावा. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की स्वतःच पेटी वाजवत गायचं असेल तर दोन माइक लावून दोन्ही वेगळं मिळेल का.

फोम आत्ता घेऊ नका. फोममुळे खोलीतली गुंज थोडी कमी होते, पण तुमच्या अडचणीत खोलीचा हात असेलच असं नाही, अशा केसमध्ये बहुतेक वेळा नसतोच. माझ्याकडे घरी रेकॉर्ड करून फक्त मिक्सला पाठवलेली गाणी बरीच येतात, भजनी मंडळं, सुगम गाणारे, गझल करणारी मुलं, आणि ज्यांच्या ट्रॅकमध्ये असं दुसरं काही शिरलेलं असतं त्यांना मी सगळ्यात आधी हेच विचारतो की हा आवाज आत हवेतून आला की वायरीतून. दोन्हीला आपण ब्लीडच म्हणतो पण उपाय पार वेगळे. सेटिंगमुळे येणारा आवाज गोधडी टांगून थांबत नाही आणि हेडफोनमधून बाहेर पडणारा आवाज कुठल्याही सेटिंगने जात नाही.

हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. तबला आणि पेटीचे ट्रॅक चालू ठेवा, नवीन ट्रॅकवर रेकॉर्ड दाबा, पण हेडफोनचा जॅक काढून ठेवा, स्पीकर बंद, आणि माइकसमोर अर्धा मिनिट गप्प बसा. खोलीत काहीही वाजत नाहीये आणि तरी नव्या ट्रॅकमध्ये तबला उमटला, तर तो आतल्या आत फिरून येतोय, माइकचा काही दोष नाही. काहीच उमटलं नाही तर जॅक परत लावा, गाताना ठेवता तेवढाच आवाज ठेवा, पण हेडफोन डोक्यावर न घालता जाड रजईत गुंडाळून माइकपासून वायर पोचेल तेवढा लांब ठेवा आणि परत अर्धा मिनिट घ्या. आता आला तर तो वायरीतला किंवा जॅकमधला विजेचा झिरपा आहे. नाही आला तर हेडफोन डोक्यावर घालून माइकसमोर नेहमीसारखे बसा, गाऊ नका, नुसते बसा. फक्त याच वेळी आला तर हवेतून.

नुसतं ऐकूनही अंदाज बांधता येतो. हेडफोनमधून बाहेर सांडणारा तबला अर्धवट असतो, चाटीवरचा 'ना' टिकटिक करत ऐकू येतो, पण डग्ग्याचा 'घे' जवळजवळ गायब, कारण कानाच्या कपातून बारीक वरचे सूर निसटतात, खर्ज फारसा निसटत नाही. तुमच्या गायनाच्या ट्रॅकमध्ये डग्ग्याचा घुमारा अंगासकट ऐकू येत असेल तर तो हवेतून आलेला नाही हे मी टेस्ट न करताच सांगेन.

आणि तुम्ही यूएसबी मिक्सर लिहिलंय म्हणून माझा पहिला संशय तिथेच आहे. या छोट्या मिक्सरमध्ये यूएसबीवरून लॅपटॉपला जातं ते म्हणजे मिक्सरच्या मेन आउटला, म्हणजे सगळं एकत्र होऊन बाहेर पडतं तिथे, जे काही आहे ते सगळं. लॅपटॉपकडून परत येणारा आवाज, म्हणजे तुम्ही ऐकत असलेला तबला आणि पेटी, तोही त्याच मेनमध्ये मिसळला जात असेल तर तो तुमच्या गळ्याबरोबर पुन्हा लॅपटॉपला जाणार आणि नव्या ट्रॅकवर छापला जाणार. बरेच जण यात माइक बदलतात, खोली बदलतात, पण मिक्सरवरचं एक बटण बघत नाहीत. यूएसबी किंवा टू-ट्रॅक रिटर्नजवळ, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरमध्ये परत येतो तिथे, 'टू मेन', 'टू मिक्स', 'टू फोन्स', 'टू कंट्रोल रूम' असं काहीतरी लिहिलेलं असतं, कंपनीप्रमाणे शब्द बदलतात. तुम्हाला हवंय ते हे की लॅपटॉपचा आवाज फक्त हेडफोनला जावा, मेनला नाही. यामाहाच्या एजी-०३ सारख्या मिक्सरवर तर यासाठी वेगळा स्विचच आहे, त्यावर 'ड्राय', 'इनपुट मिक्स' आणि 'लूपबॅक' असे तीन पर्याय आहेत, त्यातला लूपबॅक, म्हणजे लॅपटॉपचा आवाज परत लॅपटॉपलाच पाठवणारा, हा लाइव्ह स्ट्रीमिंग करणाऱ्यांसाठी असतो, तुम्ही ड्राय किंवा इनपुट मिक्सवर राहायचं.

काही अगदी स्वस्त मिक्सरवर असं बटण नसतंच, मग एक जुगाड आहे. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगचं डिव्हाइस मिक्सर ठेवा पण प्लेबॅकचं डिव्हाइस लॅपटॉपचं स्वतःचं निवडा आणि हेडफोन लॅपटॉपला लावा, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. यात दोन कटकटी आहेत, एक म्हणजे स्वतःचा गळा हेडफोनमध्ये येत नाही, आणि दुसरी म्हणजे दोन वेगळ्या उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये शेवटाकडे ताल केसभर सरकू शकतो. पाच मिनिटांच्या अभंगाला चालून जातं, तासाभराच्या कीर्तनाला मी नाही करणार.

मिक्सर निर्दोष निघाला तर विंडोज बघा. ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटअपमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून 'स्टिरिओ मिक्स' निवडलेलं असेल, किंवा होस्ट वासापी (विंडोजची आवाज हाताळायची एक पद्धत) ठेवून ज्याच्या नावात 'लूपबॅक' आहे असं काही निवडलेलं असेल, तर लॅपटॉपमध्ये जे वाजतंय तेच तुम्ही रेकॉर्ड करताय. जुन्या कंट्रोल पॅनलमधल्या साउंडमध्ये जाऊन रेकॉर्डिंगच्या टॅबवर स्टिरिओ मिक्स डिसेबल करून टाका, यूट्यूबवरचं काही उतरवायला कधीतरी चालू केलेलं असतं आणि तसंच राहून जातं. तिथेच माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन' टॅबवर बरोबरची खूण असेल तर काढा. मिक्सरऐवजी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, वापरणाऱ्यांनी आपल्या इंटरफेसला लूपबॅकचे जादा चॅनल आहेत का आणि चुकून तेच इनपुट म्हणून निवडलेत का ते बघावं, हल्ली बऱ्याच इंटरफेसना असतात.

विजेच्या झिरप्याबद्दल थोडक्यात. मोबाइलबरोबर येतो तसा एकाच जॅकचा, माइक आणि इअरफोन एकत्र असलेला हेडसेट वापरत असाल तर त्यात माइक आणि इअरफोनची ग्राउंडची तार सामाईक असते आणि इअरफोनचा आवाज मोठा केला की त्याचा अंश माइकच्या तारेत येतोच. उपाय म्हणजे माइक आणि हेडफोन वेगवेगळ्या जॅकला.

आता हवेतला ब्लीड, यात मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. हेडफोन कुठला हे तुम्ही लिहिलं नाहीये. एकेजी के-२४० आपल्याकडे खूप जणांकडे असतो, चांगला आहे, पण तो सेमी-ओपन आहे, म्हणजे कपातून आवाज बाहेर येणं ही त्याची रचनाच आहे. मिक्स करायला वापरा, गाताना नको. गायला बंद कपाचा लागतो, सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एम-५०एक्स हे त्या जातीतले. इतका खर्च करायचा नसेल तर कुठलाही बंद कपाचा घ्या, फक्त कानावर नीट बसतोय, चष्म्याच्या काडीने फट पडत नाहीये एवढं बघा.

दुसरं म्हणजे आपले गाणारे हटकून एक कप कानावरून मागे सरकवतात कारण स्वतःचा सूर मोकळ्या कानाने ऐकायची सवय असते. सवय मोडू नका, सुराला तीच बरी, पण मोकळा सोडलेला कप माइककडे तोंड करून वाजत राहतो आणि सगळा तबला तिथून आत जातो. ऐकायचे सगळे ट्रॅक ज्या कानावर कप आहे त्या बाजूला पूर्ण पॅन करा, म्हणजे सगळा आवाज त्याच बाजूला सरकवा, मोकळा कप मुका होईल, गाणं झालं की पॅन परत मधोमध.

माइक जवळ घ्या हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे पण हेडफोनच्या ब्लीडला त्याचा उपयोग वाटतो तेवढा होत नाही. तोंड माइकच्या जवळ गेलं की कान पण जवळ जातात ना. तोंड ४० सेंटीमीटरवरून १० वर आणलं तर गळा साधारण १२ डेसिबलने वाढतो, पण त्याच वेळी हेडफोन ५० वरून २० वर आला असं धरलं तर त्याची गळतीही ८ डेसिबलने वाढली, म्हणजे निव्वळ फायदा चारचा. आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती वाढवायचा ते, कमी केल्याने तर काहीच होत नाही, गळा आणि गळती दोन्ही सारखीच खाली येतात.

खरा फरक पडतो तो हेडफोनमध्ये काय आणि किती वाजतंय त्याने. आवाज का वाढवला जातो, तर स्वतःचा गळा नीट ऐकू येत नाही म्हणून. मिक्सरवर हेडफोनमध्ये गळा वाढवा आणि ट्रॅक कमी करा, थोडा रिव्हर्ब (गुंज) फक्त ऐकण्यापुरता द्या, रेकॉर्डमध्ये जाणार नाही असा, गाणारा आपोआप एकूण आवाज कमी करायला सांगतो. यापेक्षाही उपयोगी गोष्ट मी करतो ती ही की तबल्याच्या ट्रॅकची एक कॉपी काढतो, तिला ४ किलोहर्ट्झच्या आसपास लो-पास फिल्टर (त्यावरचे बारीक सूर कापणारा) लावतो आणि गाताना मूळ ट्रॅक म्यूट करून ही बोथट कॉपी ऐकायला देतो. ठेका कळतो, सम कळते, पण बाहेर निसटणारी चाटीची टिकटिक मुळातच काढून टाकलेली असते. मेट्रोनोमचा क्लिक वापरत असाल तर त्याची तऱ्हा याहून वाईट, तो बनवलेलाच असतो कानात घुसण्यासाठी, त्याजागी ठेकाच ठेवा, आणि शेवटच्या ओळीचा आलाप जिथे हळूहळू विरतो तिथे क्लिक कापूनच टाका कारण तिथे त्याला झाकायला दुसरं काही नसतं.

आता एक प्रश्न मी तुम्हाला उलट विचारतो. सोलो करून ऐकलं तेव्हा ब्लीड सापडला, पण ऐकणारा सोलो करून ऐकणार आहे का? तोच तबला आणि तीच पेटी शेवटच्या मिक्समध्ये राहणार असेल तर गायनातला बारीक अंश त्यांच्याखाली झाकला जातो. तीन ट्रॅक एकत्र वाजवा, गायनाचा ट्रॅक चालू-बंद करून बघा, फरक फक्त गळ्याचा पडतोय की तबल्याचा पोतही बदलतोय. पोत बदलत नसेल तर माझ्या मते या टेकला हात लावू नका, गायलेलं चांगलं असेल तर तो जपण्यासारखा आहे.

पोत बदलत असेल तर बहुतेक कारण वेळेचं असतं. मूळ तबला आणि गळतीतला तबला काही मिलिसेकंद पुढे-मागे असले की आवाज पोकळ होतो, एका मिलिसेकंदाच्या फरकाने सुद्धा ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ असे मधले मधले सूर खाल्ले जातात, आणि फरक तीस-चाळीसच्या पुढे गेला की चक्क दोन तबले ऐकू येतात. ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे रेकॉर्डिंगला होणारा उशीर भरून काढायचा, −१३० मिलिसेकंद हा आकडा आधीच भरलेला असतो आणि तो तुमच्या मशीनला लागू असेलच असं नाही. इथे ब्लीड चक्क उपयोगाला येतो बरं का. गायनाच्या ट्रॅकमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधीचा एखादा खणखणीत 'ना' शोधा, झूम करत करत एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या आलेखातला एकेक ठिपका, दिसेपर्यंत जा, वर मूळ ट्रॅकमधला तोच 'ना' बघा, आणि गायनाचा ट्रॅक सरकवून दोघांची टोकं एकाखाली एक आणा. तुम्ही जे ऐकून गायलात त्याच्याशी गळा आता तंतोतंत जुळला. ताल थोडा मागे पडतोय असं वाटत असेल तर तेही बऱ्याचदा याने सुटतं.

ब्लीड खरंच त्रास देतो तो चार वेळा, पेटी बदलून दुसरी वाजवायची असेल, गळ्यावर पिच करेक्शन (सूर सॉफ्टवेअरने सुधारणं) लावायचं असेल, लय बदलायची असेल, किंवा मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर जोरात लावला असेल. शेवटचं लोकांच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर मोठे आवाज ८ डेसिबल दाबतो आणि नंतर सगळंच ८ ने वर उचललं की दोन ओळींच्या मधल्या शांत जागेतली गळतीही ८ ने वर येते, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी ऐकू न आलेला तबला मिक्सच्या दिवशी उगवतो. आधी सफाई, मग कॉम्प्रेसर.

सफाई म्हणजे काय, तर नॉइज रिडक्शन नव्हे. ते पंख्याच्या घरघरीसारख्या एकसारख्या आवाजासाठी आहे, नमुना घेतो आणि तेवढं सगळीकडून वजा करतो, पेटीचे सूर तर दर क्षणी बदलतायत, मग तो गळ्यातलेच सूर खातो. नॉइज गेट गाणं थांबलं की दार बंद करतो पण गाताना दार उघडंच असतं, आणि मींड घेत हळू विरणारा सूर मध्येच छाटतो. मी गेट न लावता हाताने करतो, दोन ओळींमधल्या रिकाम्या जागा निवडून सायलेन्स, कडेला १०-२० मिलिसेकंदांचा फेड, श्वास मात्र ठेवायचे, श्वास काढले की माणूस गातोय असं वाटत नाही. पाच मिनिटांच्या गाण्याला फार वेळ जात नाही.

ब्लीड आतल्या रस्त्याने आला असेल तर आणखी एक मार्ग आहे, मूळ तबल्याची कॉपी काढा, वर सांगितलं तसं गळतीशी सॅम्पलला सॅम्पल जुळवा, लहर उलटी करणारा इन्व्हर्ट इफेक्ट लावा आणि फेडर, म्हणजे त्या ट्रॅकच्या आवाजाची पट्टी, हळूहळू वर न्या, एका जागी गळतीतला तबला खाली बसतो. मिक्सरमधून फिरून आला असल्याने शंभर टक्के नाही जाणार पण बराच जातो. हवेतल्या ब्लीडला ही युक्ती चालत नाही कारण हेडफोन आणि खोलीने तबल्याचा रंगच बदललेला असतो. तिथे याचाच भाऊ चालतो, गाणं झाल्या झाल्या जागेवरून न हलता, आवाज न बदलता, त्याच ट्रॅकसोबत एक पूर्ण टेक गप्प बसून घ्यायचा आणि तो इन्व्हर्ट करून गायनाखाली लावायचा. ज्यांना हेडफोन सहनच होत नाही आणि लहान स्पीकरवर ऐकून गायचंय त्यांना मी हेच सांगतो, डोकं फार हललं तर कमी लागू पडतं एवढंच.

गळा आणि वाद्यं वेगळी करणारे एआयवाले सेपरेटर आहेत, अल्टिमेट व्होकल रिमूव्हर फुकट आहे, ऑडॅसिटीसाठी इंटेलचं ओपनव्हिनो प्लगइनही फुकट मिळतं. तबला काढायला करून बघा, बऱ्यापैकी काढतात. पेटीचं मात्र सांगता येत नाही कारण पेटीची साथ गळ्याच्या त्याच सुरावरून त्याच वेळी चालते, मग कधी पेटीचा तुकडा गळ्यात राहतो तर कधी गळ्याची धार पेटीबरोबर जाते. टेक पुन्हा गाता येत असेल तर पुन्हा गा, गायक परगावी गेलाय, परत मिळणार नाही, अशा वेळी हे वापरा.

राहिला शेवटचा प्रश्न, पेटी वाजवत गायचं आणि दोन माइक. पूर्ण वेगळं मिळणार नाही. नियम असा सांगतात की एका वाद्यापासून त्याचा माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी दुसरा माइक लांब हवा, आणि तुमचं तोंड पेटीपासून दोन फुटांवर, म्हणजे गळ्याचा माइक पेटीपासून लांब नेणार कुठे. पण कमी नक्की करता येतं. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, तर गळ्याचा माइक समोरून आडवा धरण्याऐवजी हनुवटीच्या पातळीला, तोंडापासून वीतभर अंतरावर, खालून वर तोंडाकडे बघणारा ठेवा, म्हणजे त्याची पाठ आपोआप पेटीच्या झाकणाकडे होते. हातात धरायचा डायनॅमिक माइक टोकाने ऐकतो म्हणून त्याची शेपटी पेटीकडे, तुमचा मोठ्या जाळीचा कंडेन्सर बाजूने ऐकतो म्हणून त्याची मागची बाजू पेटीकडे, हे उलटं झालं तर पेटीच जास्त येईल. पाठीमागे आणि बाजूला गाद्या-रजया टांगा, इथे त्यांचा खरा उपयोग आहे, कारण भिंतीवरून उलटून येणारी पेटी माइकच्या पुढच्या बाजूने शिरते. आणि मग दोन्ही ट्रॅक हे एकच रेकॉर्डिंग आहे असं समजून मिक्स करा, एकावर पिच करेक्शन आणि दुसरा तसाच, असं करू नका.

पहिली टेस्ट, जॅक काढून गप्प बसायची, आज करून बघा आणि काय उमटलं ते लिहा, त्यासोबत मिक्सरचं आणि हेडफोनचं मॉडेल पण लिहा. मिक्सरच्या पुढच्या पॅनलवर यूएसबीजवळ जी बटणं आहेत त्यांच्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाकलंत तर कुठलं दाबायचं ते लगेच सांगता येईल.